'24 तासांत खत' देणारं यंत्र घेताना होणारी फसवणूक

ओला कचरा आज टाका आणि उद्या खत काढा, असं सांगून विकली जाणारी बहुतेक यंत्रं खत करतच नाहीत. ती कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात. हाती येते ती तपकिरी, कोरडी, भाजल्यासारखा वास असलेली भुकटी. यंत्र बिघडलेलं नसतं, प्रयोगशाळेचा अहवालही खोटा असतोच असं नाही. त्यामुळे गृहसंकुलं, वसतिगृहं, मोठी स्वयंपाकघरं पूर्ण पैसे देऊन मोकळी होतात आणि कुंड्यांमधली रोपं पिवळी पडू लागली की मग शंका येते.

पहिली गफलत प्रात्यक्षिकातच होते. विक्रेता स्वतः आणलेला कचरा टाकतो, त्यात कलिंगडाच्या साली आणि काकड्या भरपूर. यांत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून 100 किलोचे 10 किलो झालेले सगळ्यांना डोळ्यांनी दिसतात. तुमचा रोजचा कचरा तसा नसतो. शिजलेलं अन्न, देठ, साली यांच्या मिश्रणात पाणी साधारण 70 ते 80 टक्के. 75 धरलं तर 100 किलोत 25 किलो कोरडा भाग असतो, आणि 10 टक्के ओल राखून वाळवला तरी सुमारे 28 किलो माल निघायलाच हवा. तुमच्या कचऱ्याचेही 10 किलोच होतील असं कोणी सांगत असेल, तर उरलेले 18 किलो कुठे जातात हे विचारा. एका दिवसात जंतू एवढं खाऊन टाकत नाहीत. नीट लावलेल्या ढिगातसुद्धा कोरडा भाग निम्म्यावर यायला कित्येक आठवडे लागतात. यंत्राच्या तळाची नळी गटाराला जोडलेली असेल तर आधी तिथे बादली लावा. बऱ्याचदा काळपट पाण्याबरोबर कचऱ्याचा काही भाग तिथूनच निघून जातो.

दुसरा हिशोब विजेचा. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला जवळपास 0.7 किलोवॉट-तास, म्हणजे 0.7 युनिट लागतं. वरच्या उदाहरणात 72 किलो पाणी उडवायचं आहे, म्हणजे 50 युनिट, तेही थोडीही उष्णता वाया न जाता. प्रत्यक्षात आकडा याच्या वरच जातो. माहितीपत्रकात 100 किलोला 15 युनिट लिहिलेलं असेल, तर वाफेतली उष्णता परत वापरणारा हीट पंप बसवलेला आहे का ते पाहा. नुसत्या हीटरवर चालणाऱ्या यंत्राला हे शक्य नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती अहवालात. कर्ब-नत्र गुणोत्तर (मालातल्या कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण, जे कुजताना घटत जातं) 20 च्या आत, नत्र-स्फुरद-पालाश भरपूर, रोगजंतू नाहीत; सगळं ठीक दिसतं. पण स्वयंपाकघरातल्या कच्च्या कचऱ्याचंच गुणोत्तर बहुधा 15 ते 20 च्या आसपास असतं. म्हणजे न कुजलेला मालही ही चाचणी सहज पार करतो. नत्र जास्त दिसतं कारण अन्न तसंच्या तसं आहे, रोगजंतू नाहीत कारण ते उष्णतेने मेले. माल कुजून स्थिर झाला आहे का, हा एकच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर या आकड्यांत कुठेच नसतं.

यंत्राबरोबर दर महिन्याला घ्यावी लागणारी 'कल्चर'ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंची, पाकिटंही तपासून पाहावीत. उष्णताप्रिय जंतू 60 अंशांना जगतात हे खरं, पण त्यांना ओल लागते. ओल 30 टक्क्यांच्या खाली गेली की कुजणं जवळजवळ थांबतं, आणि यंत्र तर पाणी काढण्यासाठीच तापतं. पाकिटात पुष्कळदा मुख्यतः लाकडाचा भुसा असतो. तो ओल शोषतो, इतकंच.

ही भुकटी मातीत मिसळून पाणी घातलं की थांबलेलं कुजणं तिथे, मुळांपाशी सुरू होतं. जंतू प्राणवायू ओढून घेतात, सेंद्रिय आम्लं आणि अमोनिया तयार होतात, कोवळी मुळं जळतात. शिजलेल्या अन्नातलं मीठही वाळवल्यामुळे तीन-चार पट घट्ट झालेलं असतं. वर माश्या आणि उंदीर येतात ते वेगळंच.

तपासणी सोपी आहे. भुकटीत पाणी घालून मूठ दाबल्यावर एखादा थेंब सुटेल इतकी ओल करा, रुंद तोंडाचा थर्मास सैल भरा, मधोमध तापमापक खोचा आणि पाच ते दहा दिवस पाहा. पक्क्या खताचं तापमान खोलीपेक्षा 10 अंशांहून जास्त चढत नाही. कच्चा माल 30-40 अंशांनी चढतो आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. दुसरी चाचणी अळिवाची. एक भाग माल दहा भाग पाण्यात कालवून गाळा, त्या पाण्यात भिजवलेल्या टिपकागदावर 20 बिया ठेवा आणि शेजारी साध्या पाण्यावर 20. दोन-तीन दिवसांनी उगवण आणि मुळांची लांबी, दोन्ही साध्या पाण्याच्या तुलनेत टक्क्यांत काढा, गुणून 100 ने भागा. उत्तर 80 च्या वर आलं तर माल वापरायला हरकत नाही, 50 च्या खाली आलं तर तो रोपांना बाधतोच.

करारात या दोन्ही चाचण्या नावानिशी लिहून घ्या. सलग सात दिवस तुमचा कचरा, तुमचा वजनकाटा, तुमचं वीजमीटर. आत गेलेला भुसा आणि बाहेर आलेलं पाणीसुद्धा तोलायचं. चाचण्या होईपर्यंत रकमेचा मोठा हिस्सा हातात ठेवा. याला नकार देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

यंत्र आधीच घेतलेलं असेल तर ते ड्रायर म्हणून वापरता येतं. वास आणि वजन कमी होतं, माल साठवता येतो, हा फायदा खरा आहे. त्या भुकटीचं खत मात्र वेगळं करावं लागतं: एका भागाला दोन-तीन भाग कोरडा पालापाचोळा, ओल 50 ते 60 टक्के, ढीग किमान एक घनमीटर. तापमान 55 ते 65 अंशांत ठेवा, त्यावर गेलं की पालटा. उष्णता उतरल्यावर आणखी महिनाभर मुरू द्या, मग पुन्हा थर्मासची चाचणी घ्या.