कॅनडातली ताई की ॲडलेडचा चुलतभाऊ?

पुण्यात परदेशातल्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, आपला दादा आहे की तिकडे!" आपल्याकडे सख्खा, चुलत, मावस सगळेच दादा. इमिग्रेशनवाले मात्र आधी नेमकं नातं विचारतात, मग दादाचा तिथला दर्जा आणि पत्ता.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या पीआरच्या वाटेत, सीआरएसचे (अर्जदारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणपद्धतीचे) जादा गुण फक्त भावंडामुळे मिळतात. जोडीदाराचं भावंडही चालतं, म्हणजे मेहुणी असली तरी जमलं. ते १८ पूर्ण, नागरिक किंवा पीआर आणि कॅनडातच राहणारं हवं. वर्क परमिटवरच्या भावाचा उपयोग शून्य. गुण १२०० पैकी १५, दोन बहिणी असल्या तरी १५च. काका, मामा, आत्या यांच्यामुळे त्यातल्याच फेडरल स्किल्ड वर्कर योजनेच्या ६७ गुणांच्या पात्रता चाळणीत ५ गुण मिळू शकतात, पण ते गणित वेगळं. दोन्हींची बेरीज करू नका. चुलतभाऊ दोन्हीकडे बाद.

आणि १५ म्हणजे फार नव्हेत. एकटा अर्जदार इंग्रजीत चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी) ८ वरून ९ वर गेला, तर भाषेचेच ३२ गुण वाढतात. भारतातला तीन वर्षांचा कामाचा अनुभव असेल तर वर आणखी २५. बहिणीला फोन लावण्याआधी आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेची तारीख घ्या.

ऑस्ट्रेलियात नात्याचं वजन जास्त. ४९१ या प्रादेशिक व्हिसासाठी नातेवाइकाने स्पॉन्सर केलं की १५ गुण, आणि किमान गुण ६५. इथे चुलत, आते, मामे, मावस सगळे चालतात! मेख पत्त्यात आहे: सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनचा भाऊ चालत नाही, ॲडलेड, पर्थ, होबार्टचा चालतो. हा व्हिसा पाच वर्षांचा, तात्पुरता. तुम्हालाही अशाच भागात राहून काम करायचं, आणि तीन वर्षांनंतर १९१ या व्हिसातून पीआरचा अर्ज. शिवाय ६५ झाले म्हणजे आमंत्रण आलं, असं नाही.

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसात नातेवाइकांचे गुण नाहीत. अमेरिकेत नागरिक भाऊ अर्ज भरू शकतो, पण भारतीयांची ती रांग वीस वर्षांच्या घरातली. त्या रांगेचा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाशी संबंध नाही.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, दोन्हीकडे माणूस असेल तर मी आधी कॅनडाच बघेन, कारण तिथे हातात थेट पीआर पडतो. बहीण तिथे नागरिक किंवा पीआर नसेल, तर मात्र ॲडलेड.

कागदांना कमी लेखू नका. आमच्या ताईचा जन्म आजोळी, साताऱ्याला. आजोबांनी नोंदीत आईचं माहेरचं नाव लिहिलेलं. माझ्या पुण्याच्या दाखल्यावर सासरचं. त्यात लग्नात ताईचंही नाव बदललं, आडनावासकट. कागदावर आम्ही दोघं वेगवेगळ्या आयांची मुलं, आणि तिच्या पीआर कार्डावर तिसरीच बाई! आईच्या दोन नावांचं प्रतिज्ञापत्र, ताईचा विवाह नोंदणी दाखला, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, सगळं जुळवायला तीन आठवडे गेले. ताईने तिकडून घरभाड्याचा करार आणि विजेचं बिल पाठवलं, ते मात्र एका संध्याकाळी.