निर्दोष सुटकेनंतर सरकारचं अपील आणि ई-कोर्ट्स ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप बहुतेक जण चालू केसची तारीख बघायला ठेवतात. आमच्या घरात ते सुटलेल्या माणसासाठी आलं. थोरला भाऊ गांजाच्या केसमधून निर्दोष सुटला आणि पुढे सरकारने त्या निकालाविरुद्ध औरंगाबाद खंडपीठात अर्ज केला. तेव्हापासून हे ॲप रोज वापरतोय. परभणी जिल्ह्यातलं आमचं शेतकरी घर आहे, वकिली कुणाच्या सात पिढ्यांत नाही. तशाच घरांसाठी हे लिहितो.

कोर्टाने सोडलं की प्रकरण मिटलं, असं गावात सगळे धरून चालतात. कायद्यात तसं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ३७८, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) ४१९, यांखाली राज्य सरकार हायकोर्टात जाऊ शकतं. मुदत ९० दिवसांची, आणि ती उलटली तरी उशीर माफ करा असा अर्ज देता येतो. फक्त एक आहे, अपील आपोआप ऐकायला घेतलं जात नाही. आधी हायकोर्टाची परवानगी लागते, तिला कोर्टात ‘लीव्ह’ म्हणतात. म्हणून ९० दिवस गेले, काही आलं नाही, आता सुटलो, असं समजून वकिलाचा नंबर पुसून टाकू नका.

ॲपचा खरा उपयोग इथेच झाला. खालच्या कोर्टाचा सोळा अक्षरी सीएनआर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाकला तर केस निकाली निघाली एवढंच दिसतं. हायकोर्टातल्या अर्जाला वेगळा सीएनआर मिळतो. त्यासाठी ॲपमध्ये जिल्हा न्यायालयावरून हायकोर्टावर जायचं, खंडपीठ निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. अर्जदार महाराष्ट्र सरकार असतं, आपलं नाव प्रतिवादीत येतं. इंग्रजीत नाव कसं लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. ज्ञानेश्वर, ध्यानेश्वर, दत्ता, दत्तात्रय, जेवढी रूपं सुचतील तेवढी टाकून बघा, नुसतं आडनावही टाकून बघा. नोटीस घेऊन पोलीस दारात येण्याआधीच आम्हाला अर्ज दिसला होता. त्यामुळे माय घाबरली नाही आणि वकिलाला निकालपत्र वाचायला वेळ मिळाला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या ॲपला पाचपैकी चार देतो.

जे ॲपमध्ये नाही ते समजून घ्यायला मात्र वकिलासमोर बसावंच लागतं. भावाची केस अशी: कापसात गांजाची झाडं सापडली, मुळांसकट उपटून, माती-काड्यांसह वजन केलं, ते २० किलोच्या वर भरलं. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक ठरलं की शिक्षा किमान १० वर्षं. पण एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या धरल्या जात नाहीत, मुळं आणि माती तर नाहीच नाही. शिवाय सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं. ते शेत कोण कसत होतं, याचा पुरावा आला नाही. त्याच कायद्याचं कलम ५४ सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर टाकतं हे खरं, पण माल त्याच्या ताब्यात होता हे आधी सरकारने दाखवावं लागतं. तिसरा मुद्दा कलम ५२-अ चा: नमुने मॅजिस्ट्रेटसमोर न घेता शेतातच काढले होते.

सरकारच्या अर्जाचा जोर या तिसऱ्या मुद्द्यावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारत आंबाळे विरुद्ध छत्तीसगड या निकालात सांगितलं की ५२-अ पाळलं नाही एवढ्यावरच आरोपी सुटत नाही, बाकी पुरावा बघावा लागतो. हे वाचून आमची झोप उडाली होती. वकील म्हणाले, ‘तुमचा निकाल एका पायावर उभा नाही. ताबा आणि वजन हे दोन पाय शाबूत आहेत.’ त्यांनी २००७ चा चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक हा निकालही समजावला. सुटलेल्या माणसाच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट होतं, आणि पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघण्यासारखे असतील तर अपिलाच्या कोर्टाने सुटकेचा निकाल सहसा बदलू नये. आपल्या निकालपत्राची नक्कल घ्या आणि न्यायाधीशांनी सोडण्याची कारणं किती दिली आहेत ते मोजा. एकच कारण असेल तर चांगला वकील आजच बघा.

ॲपमधले आदेश इंग्रजीत असतात, पण बहुतेक दोन-चार ओळींचे. ‘लीव्ह’, ‘नोटीस’, ‘ॲडमिट’ (सुनावणीसाठी दाखल करून घेतलं) हे शब्द ओळखता आले की निम्मं समजतं. तारीख पडली म्हणजे त्या दिवशी ऐकतीलच असं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी हायकोर्टाच्या साइटवर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, बघून मगच निघायचं. परभणीहून येण्याजाण्यात दिवस मोडतो, मजुरी जाते. चुलतभावाने पैसे भरून एक खासगी ॲप घेतलंय. त्याचा मेसेज दोनदा तारीख होऊन गेल्यावर आला. फुकट सरकारी ॲप असताना त्याची गरज नाही. मात्र साठवलेली केस उघडून स्वतः रिफ्रेश करायची सवय लावा.

जामिनाच्या कागदाबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून ते नीट वाचा. खटला संपायच्या आधी कोर्ट आरोपीकडून वरच्या कोर्टात हजर राहण्याचा बाँड घेतं, जुनं कलम ४३७-अ, आता बीएनएसएसचं ४८१, आणि तो ६ महिने चालतो. परवानगी मिळून अपील दाखल झालं तर हायकोर्ट वॉरंट काढू शकतं, मग जामीन द्यावा लागतो. ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या माणसाचा पत्ता बदलतो, नोटीस गावात फिरून परत जाते. पत्ता बदलला तर वकिलाला लगेच कळवा, जामीनदारालाही सांगून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर खंडपीठातच विधी सेवा उपसमिती आहे. अटकेत असलेली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. भावाच्या अर्जावर अजून परवानगीचा निर्णय झालेला नाही. लागला की तो कसा लागला ते इथेच लिहीन.