नग्न देह आणि ख्रिस्ती श्रद्धा: दोन भूमिकांची तुलना

लैंगिक हेतू नसलेली सामूहिक नग्नता सर्वस्वी वर्ज्य मानावी, की देह देवाची निर्मिती असल्याने तिच्याकडे निःसंकोच पाहावे, असा पेच सोलापुरातील आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका तरुणाने मांडला.

शास्त्राधारात निःसंकोच भूमिका वाटते तितकी लंगडी नाही. बायबलमधील उत्पत्ती 2:25 मध्ये आदाम व त्याची स्त्री नग्न असूनही लाजत नव्हती. यशया संदेष्टा तर तीन वर्षे उघडा व अनवाणी फिरला. मात्र त्याचे तसे फिरणे मिसर (इजिप्त) व त्याच्या दक्षिणेचा कूश देश यांच्या भावी मानहानीचे चिन्ह होते, अनुकरणासाठीचा कित्ता नव्हे. शिवाय पतनानंतर, म्हणजे आदाम व त्याच्या स्त्रीने आज्ञा मोडल्यावर, खुद्द देवानेच चामड्याची वस्त्रे करून घातली (3:21), हा नग्नता वर्ज्य मानणाऱ्या मर्यादावाद्यांचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो.

परंपरा दोन्हीकडे झुकते. चौथ्या शतकात यरुशलेममधील प्रवचनांत नवदीक्षितांना त्यांच्या विवस्त्र बाप्तिस्म्याची आठवण करून दिली जाई. उलट 1565 मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपलमधील मायकेलअँजेलोच्या नग्न आकृतींवर वस्त्रे रंगवली गेली.

व्यवहारात तुलना फारशी उरत नाही. सार्वजनिक अश्लील कृत्य कायद्याने दंडनीय आहे. चादरी-टॉवेलांच्या या शहरात दिगंबर मुनींपुढे लोक हात जोडतात खरे, पण ते वैराग्याचे व्रत आहे. त्याचा दाखला इथे लागू पडत नाही.

स्वतःच्या शरीराची लाज ज्याला छळते, किंवा जो शुश्रूषा वा चित्रकला शिकतो, त्याला निःसंकोच दृष्टी उपयोगी पडेल, तीही मनापुरती. ज्याला घरादारात आणि मंडळीत बांधवांना ठेच न लावता वावरायचे आहे, त्याने मर्यादेची भूमिका धरावी.