रग्बीचा चार नंबर बॉल: मुरमाच्या मैदानावर वापरून पाहिलेला

तुळजापूरजवळच्या शाळेत मी खेळ शिकवतो. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून हा रबरी बॉल ८५० रुपयांना घेतला. दुकानदारानं तो मागवून दिला, आणि सांगितलेल्या दिवशी दिला. आठवी-नववीच्या लेकरांना हाच नंबर घ्या. मोठ्यांचा पाच नंबर त्यांच्या हातात मावत नाही.

आमच्या मैदानावर सगळा मुरूम. तरी वरचे दाणे झिजले नाहीत, घामेजल्या हातातूनही बॉल निसटत नाही. मला नेमकं हेच हवं होतं. आमची पोरं कबड्डीतली, अंगाला भिडायला भीत नाहीत, पण बॉल छातीशी धरून बसतात. म्हणून मी त्यांना १९८७ च्या रग्बी वर्ल्ड कपची सेमीफायनल मोबाइलवर दाखवतो. सिडनीत ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स २४-२४, वेळ संपत आलेली. फ्रेंच खेळाडू पकडीत सापडायच्या आत बॉल सोबत्याकडे देत गेले आणि शेवटी सर्ज ब्लांकोनं कोपऱ्यात झेप घेऊन गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला. ३०-२४! ते पाहून झालं की पोरं स्वतःहून पासचा सराव मागतात.

फ्रान्समध्ये हा खेळ इंग्रजांनी १८७२ मध्ये ल हाव्र बंदरात आणला. १८९२ ची पहिली राष्ट्रीय फायनल पॅरिसच्याच दोन क्लबांत झाली आणि पंच होते आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणारे कूबर्तां. पण रग्बी खरी रुजली दक्षिणेकडच्या लहान गावांत. लूर्द हे आपल्या तुळजापूरसारखं यात्रेचं गाव. त्या गावच्या क्लबानं १९४८ ते १९६८ दरम्यान आठ वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. १९५४ मध्ये फ्रान्सनं न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवलं, ३-०; कप्तान झाँ प्रा लूर्दचाच आणि तिन्ही गुणही त्याचेच. खेळ मोठ्या शहरातच वाढतो असं म्हणणाऱ्या पालकांना मी हेच सांगतो, आणि मनापासून सांगतो.

बॉलची खोट एकच: हवा लवकर उतरते, आणि पंपाची पिन सोबत येत नाही. स्पर्धेसाठी हा नको, तिथं मॅच बॉलच लागतो. रोजच्या सरावाला बिनधास्त घ्या, पिन मात्र तिथंच मागून घ्या. पाचपैकी चार.