मुक्कामाची जागा: पुस्तक विचारावं की मोबाइल?

गडावर राहायचं असेल तर मी आधी गडांची माहिती देणारं पुस्तकच उघडतो. पाण्याची टाकी कुठे, गुहेत किती जण मावतात, वाट कोणत्या गावातून सोपी, या गोष्टी पाच-दहा वर्षांत फारशा बदलत नाहीत. राजगडावर पद्मावतीचं देऊळ आहे, हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ गुहा आहेत. हे जुन्या आवृत्तीतही बरोबरच सापडेल. शिवाय लिहिणारा स्वतः चढून गेलेला असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या धारेवर तंबू का ठोकू नये, हे तो वाऱ्यासकट सांगतो. फोटोत मात्र तीच जागा सगळ्यात देखणी दिसते!

पवना किंवा भंडारदरा धरणाच्या काठावर गणित उलटं. तिथल्या कॅम्पचे मालक, दर, स्वच्छतागृहं हंगामागणिक बदलतात. छापलेलं लगेच शिळं होतं. इथे गुगल मॅपवरचे अभिप्राय कामाचे, पण ताजे आधी लावून वाचा. पाच तारे नि ‘मस्त जागा’ एवढंच असेल तर सोडून द्या. दोन-तीन तारेवाल्यांच्या तक्रारी नीट वाचा: रात्री उशिरापर्यंत स्पीकर, तंबूला तंबू चिकटलेले, बायकांसाठी वेगळी सोय नाही. लोकांनी टाकलेले फोटो मालकाच्या फोटोंपेक्षा खरे. तंबू पाण्याच्या अगदी कडेला दिसले तर मी ती जागा घेत नाही. धरणाची पातळी वाढू शकते.

टाक्यात आज पाणी आहे का, हे मात्र दोन्हीकडे कळत नाही. त्यासाठी पायथ्याच्या गावात फोन करावा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा तंबूला परवानगी आहे का, तेही तिथेच विचारून घ्यावं.