१२९९ चे इअरबड्स, आठ महिने, रोज डोंबिवली-घाटकोपर

मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतले होते, १२९९ ला. खोक्यावर एमआरपी ४९९० छापलीये, आता वाचून हसू येतं पण घेताना आपण त्याच आकड्याला भुलतो हेही खरंय. त्याआधी मी पक्की वायरवाली. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून दीडशे-दोनशेचे इअरफोन घ्यायचे, तीन महिन्यांत एक बाजू जायची, मग वायर एका ठरावीक कोनात दाबून धरून महिनाभर ढकलायचं, मग नवे. नव्या फोनला तो गोल जॅकच नाही म्हणून नाइलाजाने बिनवायरचे घ्यावे लागले. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माझ्या एका पीसवरून कशाला कुणाचं नाव खराब करा, आणि तसंही आमच्या ऑफिसात तिघींकडे तीन वेगळे ब्रँड आहेत आणि तिघींच्या तक्रारी सेम आहेत.

आणि हो, चार्जिंगच्या डबीला सगळे केस म्हणतात. आमच्याकडे केस म्हटलं की आई विचारते, कशात आला, भाजीत का आमटीत? म्हणून मी आपली डबीच म्हणणार.

वापर किती ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. डोंबिवली ते घाटकोपर फास्ट लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, संध्याकाळी तेच उलटं. दिवसाला अडीच तास प्रवासातले आणि ऑफिसचे कॉल साधारण तासभर. रात्री झोपताना थोडं काहीतरी. म्हणजे शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू नाही, रोज राबवलेली आहे.

पहिल्यांदा आवाज, कारण सगळे तेच विचारतात. आवाज चांगलाय. खरंच. १२९९ मध्ये याहून जास्त मागणं अन्याय होईल. फक्त बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, वाढवून ठेवलेला असतो, दुकानात किंवा मैत्रिणीकडे दोन मिनिटं ऐकल्यावर माणूस खूश व्हावा म्हणून. पिक्चरच्या गाण्यांना तो मस्त वाटतो पण मी किशोरीताईंचं गाणं लावलं तर डग्गा अंगावर येत होता आणि तानपुरा कुठे गेला तेच कळेना, नुसती मागे एक भुणभुण. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इक्वलायझरचे, म्हणजे जाडे-बारीक आवाज कमीजास्त करायचे, डावीकडचे दोन दांडे खाली ओढले, मधला किंचित वर, आणि गाणं एकदम मोकळं झालं. दोन मिनिटांचं काम आहे, घेतल्या दिवशीच करा, मी दोन महिन्यांनी केलं. पॉडकास्ट आणि अभिवाचनं वगैरेला तर काहीच तक्रार नाही.

कानात बसण्याचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. सोबत तीन साइजची रबरी टोकं येतात. मी महिनाभर दोन्हीकडे मधलीच वापरली आणि उजवा बड सारखा सुटायचा, वडापाव खाताना जबडा हलला की बाहेर. मग उजव्याला लहान लावून बघितलं तर फिट्ट. म्हणजे माझे दोन्ही कान सारखे नाहीयेत, हे चौतिसाव्या वर्षी कळलं. टोक नीट बसलं की बेसही सुधारतो आणि बाहेरचा आवाजही कमी येतो, मग व्हॉल्यूम कमी चालतो.

आता ईएनसी, कारण इथे मी चक्क फसले. खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी, मी समजले गाडीचा खडखडाट बंद होणार. तसं नसतं. ईएनसी फक्त कॉलसाठी असतं, तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट कमी करतं, त्याचा फायदा झालाच तर पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. एका अक्षराचा फरक आणि आपण पैसे देऊन मोकळे. दुकानदारालाही विचारलं होतं, तो म्हणाला हो हो नॉइज कॅन्सलेशन आहे ना मॅडम. चूक त्याचीही म्हणता येत नाही, आहेच ते, फक्त माझ्यासाठी नाही.

त्यामुळे लोकलमध्ये काय होतं की दारावरचा वारा, रुळांचा आवाज, वर बायकांच्या डब्यातल्या गप्पा, या सगळ्यावर मात करायला नकळत व्हॉल्यूम ८०-८५ टक्क्यांवर जातो. घरी गेल्यावर तोच व्हॉल्यूम लावून बघा, दचकाल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असाय की ८० डेसिबलला (हे आवाज मोजायचं माप, व्हॉल्यूमचे टक्के नव्हेत) आठवड्याला ४० तास ऐकलं तरी चालतं पण ९० डेसिबलला तेच फक्त ४ तासांवर येतं. माझा नुसता प्रवासच आठवड्याला साडेबारा तास आहे. तेव्हापासून गाडीत गाणी बंद केली, बोलण्याचं काहीतरी लावते, एखादं वाक्य नाही कळलं तर नाही कळलं.

माइक. इथे माझे मार्क सगळ्यात कमी. पहिल्याच आठवड्यात घाटकोपरच्या पुलावरून आईला फोन केला तर ती म्हणाली, तू विहिरीत उतरलीयेस का? नंतर मी एक उद्योग केला, तेच एक वाक्य तीन ठिकाणाहून रेकॉर्ड करून बहिणीला पाठवलं. घरात पंखा बंद असताना आवाज ठीक. पंखा पाचवर असताना शब्दांची शेवटची अक्षरं गायब, "येतेय" चं नुसतं "येते", "नको" चं "न". आणि रिक्षातून पाठवलेल्यात तर बहिणीला फक्त रिक्षाच ऐकू आली. कारण सरळ आहे, माइक तोंडापासून लांब कानाशी असतो आणि गोंगाट कापायच्या नादात ते आपलाच आवाज कापतं. शांत खोलीत चालतंय, रस्त्यावर फोन कानाला लावा.

लॅपटॉपवर मीटिंग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ही मला आमच्या आयटीतल्या मुलाने सांगितली आणि जीव वाचला. बड्स लावून मीटिंगला बसलं की समोरच्यांचे आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखे यायचे, तेच बड्स गाण्यांना मस्त. तर होतं काय की बडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलवाल्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा जुन्या लँडलाइनसारखा होतो. उपाय म्हणजे सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स ठेवायचे आणि माइक म्हणून लॅपटॉपचा निवडायचा. आवाज लगेच सुधारतो आणि लॅपटॉपचा माइक बडच्या माइकपेक्षा बराही असतो.

बॅटरी. खोक्यावर ४० तास. हे ४० तास डबीतलं चार्जिंग धरून, आणि मध्यम व्हॉल्यूमवर, बारीक अक्षरात मागे लिहिलेलं असतं. एका चार्जमध्ये नवीन असताना साडेसहा तास मिळायचे, मी मुद्दाम एका रविवारी घड्याळ लावून बघितलेलं. आता डावा पावणेपाच आणि उजवा चार, त्याच व्हॉल्यूमला. उजवा जास्त उतरलाय कारण एकच बड लावून कॉल घ्यायची सवय, आणि तो नेहमी उजवाच. बडमध्ये बॅटरी असते केवढीशी, रोज भरा रोज रिकामी करा, उतरणारच. माझं त्यावर भांडण नाही, चार तासही मला पुरतात. पण ज्यांचा दिवसभर कॉलचा धंदा आहे त्यांनी विचार करा.

खरी कटकट पाचव्या महिन्यात सुरू झाली. एका सकाळी उजवा बड मेलेला, डबीत रात्रभर असूनही शून्य. मला वाटलं गेले पैसे. नीट बघितलं तर बडच्या पोटावर दोन बारीक सोनेरी ठिपके असतात ना, चार्जिंगचे, त्यातल्या एकावर काळपट हिरवा थर. मार्च-एप्रिलचा घाम, दुसरं काय. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला अगदी थेंबभर स्पिरिट लावून ते ठिपके आणि डबीतल्या पिना पुसल्या, म्हणजे बड्स साफ करायला बड्स, पाच मिनिटं वाळू दिलं, आणि बसवल्यावर लाइट लागला. तेव्हापासून दर रविवारी पुसते. पुढच्या महिन्यात डाव्याचा आवाज कमी यायला लागला तर तिथे जाळीत कानातला मळ, हे लिहायला कसंतरी वाटतंय पण सगळ्यांचं होतं. जाळी खाली धरून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडायची, सुई-टाचणी अजिबात घालू नका, मळ आत ढकलला जातो आणि जाळी फाटते ती वेगळीच.

टच कंट्रोल मी बंदच करून टाकलं. ओढणी सारखी केली की गाणं थांबतं, केस मागे घेतले की पुढचं गाणं, खिडकीला डोकं टेकवून डोळा लागला की कानात एक बाई इंग्रजीत विचारते काय मदत करू. ते बंद करायला कंपनीचं ॲप टाकावं लागलं, ते कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी मागत होतं, इअरबड्सना माझ्या मामाचा नंबर कशाला हवाय? नाही दिली, तरी चाललं.

कनेक्शन घरी एकदम छान, स्वयंपाकघरापर्यंत जातं. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर गर्दीत मात्र अडखळतं, फोन पर्सच्या तळाशी असेल तर हमखास. एवढे सगळे ब्लूटूथ आणि वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये आणि मध्ये माणसांची भिंत, होणारच. फोन हातात घेतला की थांबतं. गेमिंगवाल्यांना एक ओळ, भाचा म्हणाला गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. व्हिडिओला असं होत नाही.

पावसाचं. आयपीएक्स ४ लिहिलंय म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवायचं नाही. गेल्या आठवड्यात छत्री उलटी झाली तेव्हा भिजले थोडे, काही झालं नाही. पण ते फक्त बड्सना लागू, डबीला नाही, आणि ओले बड्स तसेच डबीत टाकले की आतल्या पिनांची वाट. आधी पुसा.

एकदा हरवलाही होता. ठाण्याला चढणाऱ्यांचा लोंढा आला, कुणाची तरी बॅग कानाला लागली आणि उजवा बड खाली. पायापायांमध्ये काय शोधणार, मी आशा सोडली. कळव्याच्या पुढे डब्यात क्लिपा आणि झुमके विकणारी एक मावशी पुढे आली, तळहातावर माझा बड, म्हणते, ताई तुमचं कानातलं पडलं, दुसरं आहे ना? मी वीसच्या क्लिपा घेतल्या तिच्याकडून. तोपर्यंत नवीन एका बडची किंमत विचारायला मी मेसेज टाइप करत होते, नंतर उत्सुकता म्हणून पाठवलाच, तर एकटा बड ६९९. दोन आणि डबी मिळून १२९९.

आणि शेवटी डबी, जिच्याकडे घेताना मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. बड्स कानात असतात, जपले जातात, सगळा मार डबी खाते, पर्समध्ये किल्ल्यांबरोबर, टिफिनखाली. सहाव्या महिन्यात झाकणाची बिजागरी तुटली. प्लास्टिकची काडी असते आत, माचिसच्या काडीएवढी. वॉरंटी वर्षाची होती म्हणून सुट्टी टाकून सर्व्हिस सेंटरला गेले, तिथल्या मुलाने झाकण दोनदा उघडबंद केलं आणि म्हणाला फिजिकल डॅमेज आहे मॅडम, वॉरंटीत नाही येत. म्हटलं अरे, बिजागरी उघडायलाच असते ना? तो बिचारा हसला फक्त.

तुटलेल्या झाकणाचा त्रास किती असतो हे तोपर्यंत माहीत नव्हतं. झाकण नीट लागलं नाही की माझ्या डबीला वाटतं आपण उघडलोय, मग बड्स आत असूनही फोनला जोडले जातात. मावशीचा फोन आला, मी उचलला, हॅलो हॅलो करतेय, काही ऐकू येत नाही, ठेवला. तीन वेळा. संध्याकाळी आईकडे तक्रार की तुझी लेक माझ्याशी बोलत नाही. मावशी तिकडे माझ्या पर्सशी बोलत होती.

आता परत घ्यायचे झाले तर याच रेंजमधले घेईन, दोन हजारांच्या वर माझा हात जात नाही, पण दुकानात आवाज ऐकायच्या आधी झाकण दहा वेळा उघडबंद करून बघेन आणि एक कॉल लावून पलीकडच्याला विचारेन कसं ऐकू येतंय. सध्या हेच चालू आहेत. झाकणाला आधी भाजीवाल्याचा पिवळा रबर लावला होता, तो दर चार दिवसांनी तुटायचा. मग गाडीतल्या त्या क्लिपावाल्या मावशीकडच्या पाकिटातला काळा रबर लावला, तो महिनाभर टिकलाय. म्हणजे शेवटी केसला केसांचाच रबर लागला.