बँकॉक की हनोई? बाजार पाहायला निघालेल्या खानदेशी माणसासाठी

नाना म्हणजे माझे चुलते. सावद्याला केळीच्या आडतीवर उभी हयात गेली. परदेशाचा विषय निघाला तेव्हा ओट्यावर बसूनच म्हणाले, "बाजारच पाहायचा तर भोंगऱ्याचा पाय ना! विमानाचं भाडं तरी वाचंल." भोंगऱ्या म्हणजे होळीआधी सातपुड्यात भरणारा आदिवासींचा बाजार. पंधरा दिवसांनी त्यांनीच पासपोर्ट काढला. आता घरात वाद एवढाच, बँकॉक की हनोई? काकूंच्या गळ्यात माळ, नानांच्या गुडघ्यात वात, आणि हातात आठ दिवस. मी बँकॉकला दोनदा आणि हनोईला एकदा जाऊन आलेय, म्हणून फोन मला. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहिते. तुमच्याही घरात हाच वाद चालू असेल.

मोठा फरक आधी सांगते. बँकॉकचे नावाजलेले बाजार ठरल्या जागी आणि बरेचसे ठरल्या वारी भरतात. आपण उठून तिथे जायचं, सारंगखेड्याच्या यात्रेला जातो तसं. हनोईच्या जुन्या भागात बाजार भरायची वाट पाहावी लागत नाही. हॉटेलची पायरी उतरलात की बाजारातच. फुटपाथवर कुणी भाजी निवडतंय, कुणी भांडी घासतंय, शेजारी न्हाव्याची खुर्ची, आणि या सगळ्यांतून वाट काढत आपण.

बँकॉकमध्ये चातुचाक चुकवू नका. शनिवार-रविवारी भरतो, 27 विभाग आणि 15,000 हून जास्त गाळे. स्काय ट्रेनच्या मो चित स्टेशनला उतरायचं आणि गर्दी जाईल तिकडे जायचं. कपडे, कुंड्या, चिनी मातीची भांडी, जुनी नाणी, मसाले, काय हवं ते. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे; चुकामूक झाली तर तिथे भेटायचं हे आधीच ठरवून घ्या. आणि एखादी वस्तू आवडली की तिथेच घ्या. 'परत जाताना घेऊ' म्हणालात तर तो गाळा पुन्हा सापडत नाही. मी एक निळी बरणी अशीच घालवली, अजून डोळ्यांसमोर आहे.

रस्त्यापलीकडे ऑर तोर कोर नावाची मंडई आहे. पर्यटकांची झुंबड कमी, दर जरा चढे, पण फळं अशी मांडलेली की हात लावायला संकोच वाटावा. तिथे ड्युरियन भेटेल. फणसाच्या कुळातला दिसतो, पण वासाने फणसही लाजेल. हॉटेलांत तो न्यायला मनाई असते. काकूंना दुरूनच दाखवा.

मात्र नाना रेंगाळतील ते केळ्यांपाशी. आपल्याकडे रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत जिकडे पाहावं तिकडे ग्रँड नैन. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच, पण वाणांची गंमत आपल्या बाजारातून गेली ती गेली. बँकॉकच्या एकाच फळवालीकडे बोटाएवढं पिवळंधमक 'क्लुआय खाय', आखूड जाडजूड 'क्लुआय नाम वा' आणि लांब 'क्लुआय होम' शेजारी शेजारी असतात. क्लुआय म्हणजे केळ. नाम वा कोळशावर भाजून देतात. पिठात घोळवून तळलेल्या केळ्याला 'क्लुआय खेक' म्हणतात. खेक म्हणजे पाहुणा, आणि बोलीत आपल्यासारखे भारतीयही. पाहुण्यांच्या नावाची केळ्याची भजी पाहुण्यांनी खायलाच हवीत. केळफूल तर पॅड थाईच्या, म्हणजे परतलेल्या नूडल्सच्या, ताटात कच्चंच ठेवतात. हनोईतही केळफूल बारीक चिरून त्याची कोशिंबीर करतात, म्हणजे या बाबतीत दोन्ही गावं आपलीच.

बँकॉकच्या बाहेरच्या बाजारांविषयी थोडक्यात. मेक्लाँगला रुळांवर बाजार भरतो. गाडी आली की छपरं गुंडाळायची, टोपल्या मागे ओढायच्या, गाडी गेली की पुन्हा पहिल्यासारखं. ज्याने पाचोरा-जामनेरची पीजे ही छोटी रेल्वे पाहिलीय त्याला त्या गाडीचा वेग परका वाटणार नाही. पाहायला मजा येते, पण आता तिथे भाजी घेणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त. दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार मला अजिबात रुचला नाही. होडीत बसवून स्मरणवस्तूंच्या दुकानांपुढून फिरवतात. त्यापेक्षा शुक्रवार ते रविवार भरणारा अंफावा बरा, तिथे संध्याकाळी थाई कुटुंबंच जेवायला येतात. आणि शहरातला पाक ख्लोंग तलाट हा फुलबाजार दिवसरात्र चालतो. तिथले झेंडूचे ढीग पाहून काकूंना दसऱ्याची आठवण झाली नाही तर सांगा.

आता हनोई. जुन्या भागाला '36 गल्ल्या' म्हणतात, आणि गल्लीचं नाव म्हणजे तिथला धंदा. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी पूजासाहित्याची, हांग थ्येक पत्र्याची. आपल्या जळगावात सराफ बाजार आणि दाणा बाजार आहे ना, तसंच, फक्त गल्ल्या कितीतरी जास्त. काही नावं आता नावापुरती उरलीत. हांग गाय एकेकाळी तागाची होती, आज रेशमाची आहे. पण हांग थ्येकमध्ये पत्रा ठोकल्याचा आवाज अजून येतो. लान ओंग गल्लीत शिरलात तर मुळ्या आणि सालींचा असा वास येतो की वाटतं काष्ठौषधींच्या दुकानातच आपण मुक्कामाला आलोय.

बायका खांद्यावर बांबू टाकून दोन बाजूंना टोपल्या लटकवून फळं विकतात. आपली कावडच. एकीने हसत हसत कावड माझ्या खांद्यावर ठेवली, फोटो काढू दिला, मग चार केळी हातात देऊन भलतेच पैसे मागितले. दिले. कावडीचं ओझं कळलं, त्याची फी समजा. तुम्ही मात्र कावड आपणहून खांद्यावर घेऊ नका.

दोंग श्वान ही तिथली मोठी मंडई, फ्रेंचांनी 1889 मध्ये बांधलेली. 1994 मध्ये तिला मोठी आग लागली होती. आत कपड्यांचे गठ्ठे नि ठोकचा माल. अर्धा तास पुरे. नानांसाठी खरी जागा म्हणजे लाँग बिएन पुलाजवळचा ठोक फळबाजार. मध्यरात्रीनंतर जागा होतो. ट्रक उतरताहेत, हमाल गाड्या ओढताहेत, दिव्याखाली हिशेबाच्या वह्या. मी पहाटे तीनला तिथे उभी होते आणि भाषेचा एक शब्द कळत नसताना कोण आडत्या, कोण माल घेऊन आलेला आणि कुणाचं बिनसलंय, हे सगळं कळत होतं. बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या पोरीला आणखी काय हवं? फक्त वाटेत थांबू नका, गाड्या थांबत नाहीत.

भावाची घासाघीस दोन्हीकडे चालते, तऱ्हा वेगळी. बँकॉकमध्ये आवाज चढवला की सौदा संपला. हसत कॅल्क्युलेटर पुढे करायचा, दोन-तीन नग एकदम घेऊन सूट मागायची. हनोईत पहिला भाव पाहुण्याकडे बघून सांगतात, तिथे निम्म्यापासून सुरुवात करायला लाजू नका. मात्र सकाळची पहिली वेळ टाळा. आपल्यासारखीच भवानी तिकडेही मानतात. पहिलं गिऱ्हाईक ताणून भाव करून न घेताच गेलं, तर काही विक्रेत्या अपशकुन जाळायला कागद पेटवतात. बँकॉकमध्ये पहिल्या विक्रीच्या नोटा मालावरून फिरवताना मी पाहिल्यात. आपल्याकडे कपाळाला लावतात, तिकडे मालाला, एवढाच फरक.

पैशांचं म्हणाल तर थाई बाहतचा हिशेब सोपा, एक बाहत म्हणजे अडीच-तीन रुपये. व्हिएतनामी डोंगची शून्यं घाम फोडतात. मागची तीन झाका आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणा, साधारण रुपये निघतात. 20,000 आणि 500,000 ची नोट दोन्ही निळसर असतात. अंधारात नोट देताना शून्यं मोजा, नाहीतर पाणी दीड हजार रुपयांना पडेल.

मग काकूंचं जेवण, आणि इथेच पारडं झुकतं. दोन्ही देशांत माशाचं पाणी मिठासारखं वापरतात, त्यामुळे 'नुसत्या भाज्या' म्हणून भागत नाही. बँकॉकमध्ये पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' जेवण. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. माळकऱ्याला आणखी काय पाहिजे! शिवाय पाहुरात भागात गुरुद्वारा आहे, कापडबाजार आहे आणि पोळी-भाजी मिळते. हनोईत शाकाहाराला 'चाय' म्हणतात. म्हणजे तुम्ही चहा मागाल नि समोर टोफू येईल. चहाला तिकडे 'चा' म्हणायचं. फुटपाथवर बर्फ घातलेला हिरवा 'चा दा' मिळतो, अगदी स्वस्त. चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक चाय जेवतात, तेव्हा सोय वाढते. एरवी शोधावं लागतं. आणि सापडलं तरी बसायचं कशावर? दीड वीत उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर. नानांचे गुडघे आठवा. रस्ता ओलांडायचा तर दुचाक्यांच्या लोंढ्यात एका संथ चालीने, न थबकता, न पळता. काकू धुळ्याचा आग्रा रोड ओलांडताना हात धरतात.

हवा: बँकॉकला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये 'आम्हाला भुसावळच्या उन्हाची सवय आहे' म्हणून जाऊ नका. आपलं ऊन कोरडं, तिकडे अंगाला चिकटतं. हनोईला ऑक्टोबर-नोव्हेंबर छान, जानेवारीत स्वेटर लागतो. त्यांचं नवं वर्ष, तेत, जवळ असेल तर आधीचा आठवडा गाठा, तेव्हा बाजार फुलांनी नि संत्र्यासारख्या छोट्या फळांच्या झाडांनी भरलेला असतो. ऐन तेतमध्ये दुकानं बंद. व्हिएतनामला ई-व्हिसा आधी काढावा लागतो, एका प्रवेशाचे 25 डॉलर. थायलंडला ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकिटाआधी पाहा.

माझं मत? एकटे असाल, पाय धड असतील, कुठेही बसून काहीही खात असाल, तर डोळे मिटून हनोई. नाना-काकू जोडीने निघाले तर बँकॉक, आणि विमान गुरुवारचं, म्हणजे अंफावा आणि चातुचाक दोन्ही सापडतात. सोमवार मोकळा ठेवा; याओवारातच्या चिनी गल्लीतल्या खाण्याच्या बऱ्याच गाड्यांची त्या दिवशी सुट्टी असते.

हे सगळं सांगितल्यावर नाना फोनवर गप्प होते. लाँग बिएन हुकल्याची रुखरुख असावी. मग त्यांनी विचारलं, "तिकडं केळी किलोवर देतात का डझनावर?"

"फणीवर, नाना. थाई भाषेत फणीला 'वी' म्हणतात. आणि केस विंचरायच्या फणीलाही 'वी'च."

"आपल्यासारखंच?"

"आपल्यासारखंच."

"मग काढ बँकॉकचं," नाना म्हणाले.